क्लेम त्यांचा, क्लॅमर आमचा

इंग्रजीत गोंगाटासाठी पुष्कळ शब्द आहेत. त्यांतला 'क्लॅमर' मला सगळ्यात राजकीय वाटतो. शब्दकोशात त्याचा अर्थ कलकलाट, आरडाओरडा. आणि पुढे, मोठ्या आवाजात केलेली मागणी. इंग्रजी वर्तमानपत्रं आरक्षणाच्या मागणीला हा शब्द सर्रास लावतात.

शब्द मूळचा लॅटिन. 'क्लामारे' म्हणजे मोठ्याने हाक देणं, ओरडणं. मध्ययुगात तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पण त्याच क्रियापदातून इंग्रजीला आणखी एक शब्द मिळाला : 'क्लेम'. म्हणजे हक्क सांगणं, दावा करणं. एकाच आईची दोन लेकरं. एक कोर्टात आणि जमिनीच्या व्यवहारात खुर्चीवर बसतं, दुसरं दाराबाहेर उभं असतं.

दोन वर्षांपूर्वी एका गावात बौद्ध वस्तीच्या स्मशानभूमीच्या वादात मी काम करत होते. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, पण सातबाऱ्यावर नोंद नाही आणि शेजारच्या शेतकऱ्याने कुंपण घातलेलं. बैठकीला वस्तीतल्या बाया आल्या, तावातावाने बोलल्या. निधी देणाऱ्या संस्थेच्या माणसाने नंतर इंग्रजीत अहवाल लिहिला. त्यात शेतकऱ्याचं म्हणणं 'क्लेम' होतं आणि बायांचं 'क्लॅमर'. त्या दिवशी कागद शेतकऱ्याकडेही नव्हता. आवाज तर त्याचाच जास्त चढला होता. अहवाल लिहिणारा आमच्या बाजूचा होता, म्हणून ते जास्त लागलं.

हा भेद शब्दाच्या पोटात मुळात नव्हता. जुन्या नॉर्मन कायद्यात ओरडणं हीच दाद मागायची रीत होती. तिला 'क्लामेर द हारो' म्हणतात. जर्सी आणि गर्न्सी या बेटांवर ती आजही कायद्यात आहे. कुणी तुमच्या जमिनीवर अतिक्रमण करत असेल, तर साक्षीदारांसमोर गुडघे टेकायचे, तीनदा 'हारो' असं ओरडायचं आणि माझ्यावर अन्याय होतोय, धावून या, अशी राजाला हाक घालायची. समोरच्याने काम तिथेच थांबवायचं. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही. खोटी हाळी दिली तर दंड. पण आधी काम थांबतं, मग चौकशी होते.

त्या काळातली एक हकीकत तर आपल्या लोकांना पाठ असायला हवी. 1066 साली इंग्लंड जिंकणारा विल्यम 1087 मध्ये मेला. त्याला नॉर्मंडीतल्या काँ शहरात, त्यानेच बांधलेल्या मठात पुरायची तयारी झाली. बिशप जमले, आणि आसेलिन नावाचा एक सामान्य माणूस उभा राहिला. ही जागा माझ्या बापाच्या घराची आहे, या राजाने ती बळजबरीने घेतली, मी ती परत मागतो, इथे याला पुरू देणार नाही, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. ऑर्डेरिक व्हिटॅलिस या साधूने हे लिहून ठेवलं आहे. बिशपांनी शेजाऱ्यांना विचारलं. गोष्ट खरी निघाली. कबरीपुरत्या जागेचे 60 शिलिंग त्याच्या हातावर ठेवले, बाकीच्या जमिनीचं वचन दिलं, मगच राजा मातीत गेला. आसेलिनने केलं ते क्लेम की क्लॅमर? त्या लोकांना हा प्रश्न पडलाच नसता.

यावर आपलेच शिकलेले मित्र म्हणतात, मुद्दा बरोबर आहे, पण बोलायची पद्धत असते, शांतपणे सांगा. त्या स्मशानभूमीसाठी वस्तीने किती निवेदनं दिली होती, त्याच्या पोचपावत्या मी पिशवीतून काढून दाखवू शकते. शांतपणाचा पुरावा आमच्याकडे किलोवर आहे. आणि ज्या गावात वरच्या आळीसमोर आमच्या आज्यांनी मान वर करून बोलणं हाच गुन्हा होता, तिथे आवाजाची पट्टी कोण ठरवतंय हे आधी विचारलं पाहिजे.

मराठीतही मुळं तपासली तर हेच सापडतं. 'दावा' अरबीतून आला, त्याच्या मुळाशी बोलावणं, हाक देणं आहे. 'फिर्याद' फारसी, तिकडे 'फर्याद' म्हणजे आर्त ओरड. म्हणजे आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेतही हक्काची सुरुवात ओरडण्यातच आहे. मग ओरडीची फिर्याद होते कुठे? कुणीतरी ती कागदावर घेतो तिथे. म्हणूनच 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातल्या कलम 4 मध्ये 2015 च्या दुरुस्तीने एक साधी गोष्ट घातली : तोंडी सांगितलेलं पोलीस अधिकाऱ्याने लिहून घ्यायचं, सही घेण्याआधी ते सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं, आणि यात जाणूनबुजून कसूर केली तर शिक्षा. ठाण्यात जाताना या कलमाची एक प्रत सोबत ठेवा. अंमलदार 'आधी आवाज खाली करा' म्हणाला, तर तीच त्याच्या टेबलावर ठेवा.