वाघ्याच्या गोळ्या

वाघ्या आमचा गावठी कुत्रा. वजन १८ किलो. गेल्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत तो शेपटीच्या मुळाशी सारखा चावायला लागला. तिथले केस गेले, पुळ्या उठल्या, पू दिसला. पू म्हणजे अँटिबायोटिक, एवढंच मला ठाऊक. यजमानांच्या दाढेसाठी आणलेली अँटिबायोटिकची ६२५ ची पट्टी कपाटात उरली होती. अर्धी अर्धी गोळी भाकरीत कोंबून दिली. तीन दिवसांत जखम सुकली. मी गोळ्या थांबवल्या आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

तीन आठवड्यांत पुन्हा तेच, उलट जास्त. मग एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दुसऱ्या 'जोरातल्या' गोळ्या आणल्या. पाच दिवस दिल्या. वाघ्याला जुलाब लागले, जेवणावरून उठला. खाज होती तिथेच.

शेवटी भाच्याची गाडी काढून आमच्या दिघाशी गावाहून थेट मुंबईत परळ गाठलं, जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल. डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, "आतापर्यंत काय काय दिलंत?" मी म्हटलं, भिवंडीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी मागितली. मग खरं सांगावं लागलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी काचेची पट्टी जखमेवर दाबली, ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. जंतू होते, पण वरवरचे. मग बारीक फणीने शेपटीजवळचे केस विंचरले. काळे दाणे पडले. मला माती वाटली. त्यांनी ते ओल्या कापसावर ठेवले, तर भोवती तांबूस डाग पसरला. पिसवांची विष्ठा, म्हणजे वाघ्याचंच पचलेलं रक्त. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी, त्यामुळे खाज, खाजवून जखम, जखमेत पू. मी दोन महिने शेवटच्या टोकावर औषध देत होते.

अँटिबायोटिकची एकही गोळी लिहिली नाही. पिसवांची गोळी दिली आणि क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. (ओल्या कुत्र्याला दहा मिनिटं धरून बघा एकदा.) "याने नाही थांबलं तर पू कल्चरला पाठवू, कुठलं औषध लागू पडतं ते कळेल. तोवर घरातली कुठलीही गोळी देऊ नका, रिपोर्ट फसतो." वाघ्याचं गोणपाट जाळलं. पिसवांची अंडी अंगावरून गळून तिथेच पडतात. घर रोज झाडलं, कोपरे धुतले.

दुसऱ्या आठवड्यात खपली धरली, दिवाळीपर्यंत केस आले. कल्चर करावं लागलं नाही.

त्या ६२५ च्या पट्टीत तीन गोळ्या उरल्यात. मागे लाल उभी रेघ आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं सरकार २०१६ पासून सांगतंय. मी पट्टी कधी उलटून पाहिलीच नव्हती. परवा सासूबाईंची दाढ ठणकली, त्यांनी नेमकी तीच मागितली. मी दिली नाही. "कुत्र्याला दिल्यास, मला नाही?" म्हणून दोन दिवस अबोला होता.