अंबेजोगाईचें नवरात्र आणि खुंटीवरची बंदूक

कोंकणांतून घाट चढून देशोदेशीं पसरलेल्या कित्येक चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी थेट बीड जिल्ह्यांतील अंबेजोगाईस कां, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं अनेकांना लहानपणीं पडला असेल आणि त्यांच्या आजीनें त्याचें उत्तरहि दिलें असेल. परळीच्या वैजनाथाशीं योगेश्वरीचें लग्न ठरलें. कोंकणांतून वऱ्हाड निघालें. पण तें पोंचण्यापूर्वींच मुहूर्त टळला. देवी येथेंच कुमारिका राहिली आणि वऱ्हाडी मंडळी शिळा होऊन बसली. गांवालगतच्या हत्तीखान्यांतील दगडी हत्ती त्याच वऱ्हाडांतले, असें गांवकरी अजूनहि सांगतात. तीं जुनीं कोरीव लेणीं आहेत हें आम्हांस ठाऊक होतें. तरी नातवाला गोष्ट सांगतांना आम्हीं वऱ्हाडाचीच सांगितली.

२०२५ च्या आश्विनांत आम्ही उभयतां, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू असे पांचजण देवीच्या दर्शनास गेलों. बीड शहरास आगगाडीचें प्रथम दर्शन त्याच वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशीं, घडलें होतें. अहिल्यानगराहून परळीकडे जावयाच्या लोहमार्गाचा बीडपर्यंतचा भाग त्या दिवशीं सुरू झाला. आम्ही मात्र जुन्या सवयीनें परळीस उतरलों, वैजनाथास बेल वाहिला आणि मोटारीनें बालाघाटाचा चढ चढलों. त्या वर्षीं मराठवाड्यावर पावसानें असा कहर केला होता कीं, जो प्रदेश एरवीं पाण्याच्या थेंबासाठीं आभाळाकडे पाहतो, तेथें सोयाबीन उभें कुजत होतें आणि कपाशीचीं बोंडें काळीं पडलीं होतीं. रस्त्याच्या कडेला चिखलांत उभ्या असलेल्या शेतकऱ्यांच्या मुद्रा पाहून गाडींतलें बोलणें आपोआप थांबे.

अंबेजोगाई हें गांव जुनें आणि विद्येचें. आद्य कवि मुकुंदराज यांची समाधि येथील खोल दरींत आहे. दासोपंतांनीं कापडावर लिहिलेली पासोडी याच गांवची. निजामी अंमलांत गांवाचें नांव मोमिनाबाद होतें आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी येथें असे. १९३५ सालीं स्वामी रामानंद तीर्थांनीं येथल्या योगेश्वरी विद्यालयाची धुरा उचलली आणि पुढें सबंध संस्थानच्या लढ्याचें नेतृत्व केलें. त्यांच्याच नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आज या गांवीं आहे. कवि, घोडेस्वार, संन्यासी आणि डॉक्टर अशा चार प्रकारच्या लोकांनीं एकाच गांवावर आपापला ठसा उमटविल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस चटकन् आठवत नाहीं.

आमचे यजमान दूरच्या नात्यांतले. वाडा जुना, चौसोपी. घरांत यजमानांच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्री, यजमान पतिपत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडें. थोरला दहावीला, धाकटी आमच्या नातवाच्या वयाची. अगत्य असें कीं, पुणेकरांनीं लाजावें. खंडेनवमीच्या सकाळीं पाटावर शस्त्रें मांडलीं गेलीं. गंजकी तरवार, दोन कट्यारी, विळे, कोयता, पाटा-वरवंटा आणि मध्यभागीं बारा बोअरची दुनळी बंदूक. यजमानांच्या आजोबांनीं रझाकारांच्या धामधुमींत ती मिळविली होती. १९४८ च्या उन्हाळ्यांत गच्चीवर बसून त्यांनीं तिच्या भरंवशावर कित्येक रात्री जागून काढल्या, आणि एकहि बार न काढतां सप्टेंबरांत हैदराबाद मुक्त झालें. पुढें परवाना वारसाहक्कानें उतरत आला. ही हकीकत यजमानांनीं फार रंगवून सांगितली आणि आम्हींहि ती तल्लीन होऊन ऐकली. मातोश्रींनीं बंदुकीला हळदकुंकू वाहिलें, झेंडूचें फूल ठेवलें. मुलें नमस्कार करून उठलीं तीं नळीच्या तोंडांतून पाहावयास लागलीं, तेव्हां सगळे हंसले.

पूजा आटोपल्यावर बंदूक माजघरांतल्या खुंटीवर परत गेली. खालीं कडप्प्याचा कट्टा होता, त्यावर चढलें कीं सहा वर्षांच्या मुलाचा हात सहज पोंचावा. काडतुसांची पेटी फडताळांत, लाडवांच्या डब्याशेजारीं ठेवली गेली. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आणि मनांत कांहीं तरी टोंचलेंहि. पण पाहुण्यानें यजमानाच्या खुंटीची चौकशी करावी काय? आम्हीं करंजी तोंडांत घातली आणि गप्प बसलों.

त्याच दुपारीं नातवाला ताप भरला. प्रवासाचा शीण असेल म्हणून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग यजमानांच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलों. गृहस्थ चाळिशीचे, बोलावयास मोकळे. घसा पाहिला, औषध लिहून दिलें, आणि मग एक एक प्रश्न विचारूं लागले. लसी वेळेवर टोंचल्या का? उतरलां आहांत त्या घरीं पाण्याचा हौद उघडा आहे का? फवारणीचें औषध कोठें ठेवतात? आणि त्याच सुरांत, कागदावरून दृष्टि न काढतां, "घरांत बंदूक आहे का? कुलपांत असते का?"

आम्ही चपापलों. सूनबाईंनीं आमच्याकडे पाहिलें. "आहे," आम्ही म्हणालों, "खुंटीवर असते."

डॉक्टरांनीं लेखणी खालीं ठेवली. हा प्रश्न ते प्रत्येक मुलाच्या आईबापांना विचारतात, असें त्यांनीं सांगितलें. औषधाच्या बाटलीविषयीं विचारलें तर कोणी रागावत नाहीं. बंदुकीचें नांव काढलें कीं बाप ताठ होतो. "डॉक्टरसाहेब, पोलिसावानी हे काय इचारायलेत?" असें एकानें तोंडावर म्हटलें आणि पोराला घेऊन तो निघून गेला, तो परत आला नाहीं.

या प्रश्नावर इकडे बाप रागावतो, तर अमेरिकेंत एका संबंध राज्यानें कायदाच केला होता. तेथील बालरोगतज्ज्ञांची अकादमी आपल्या डॉक्टरांस घरांतल्या बंदुकीची चौकशी करण्याचा सल्ला देते. फ्लोरिडा राज्यानें २०११ सालीं अशी चौकशी करण्यास डॉक्टरांना मनाई केली; डॉक्टर न्यायालयांत गेले, आणि २०१७ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्या मनाईचा भाग रद्द ठरविला. डॉक्टरानें काय विचारावें हें सरकारनें ठरवूं नये, असा त्याचा मथितार्थ. तोंपर्यंत वेळ पुष्कळ गेला होता. २०२० सालीं त्या देशांत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचें पहिल्या क्रमांकाचें कारण बंदूक हें झालें. मोटारींचे अपघातसुद्धां मागें पडले.

आपल्याकडे तशी स्थिति नाहीं, हें आम्हीं अर्थातच बोलून दाखविलें. डॉक्टर म्हणाले, "देशांत नाहीं, हें खरें. पण तुम्ही बीड जिल्ह्यांत आहांत." ९ डिसेंबर २०२४ रोजीं केज तालुक्यांतील मस्साजोगच्या सरपंचांचें अपहरण होऊन निर्घृण खून झाला. त्या खुनांत बंदूक चालली नव्हती. पण त्यानंतर जिल्ह्यांतलीं शस्त्रें मोजलीं जाऊं लागलीं, आणि बाराशेंहून अधिक परवाने या एका जिल्ह्यांत असल्याचें वर्तमानपत्रांतून जाहीर झालें. कमरेला पिस्तूल लावून काढलेलीं छायाचित्रें, हवेंत बार काढतांनाचीं चलचित्रें लोकांनीं हौसेनें समाजमाध्यमांवर टाकलेलीं होतीं, तीं आतां पोलिसांच्या कामीं आलीं. जिल्हाधिकाऱ्यांनीं शंभराहून अधिक परवाने रद्द केले. पिकांत रानडुकरें शिरतात, हरणें चरतात, २०२० सालीं आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं, हें सगळें खरें. पण कमरेचें पिस्तूल रानडुकरासाठीं नसतें, हेंहि तितकेंच खरें.

कायद्याचें म्हणाल तर तो अगदींच डोळे मिटून बसलेला नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं एकवीस वर्षांखालील माणसास परवाना मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतात. २०१६ च्या नियमांप्रमाणें अर्जदारानें आपल्या शरीरमनाच्या प्रकृतीचा डॉक्टरी दाखला द्यावा लागतो आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. म्हणजे बंदूक धरणाऱ्या हाताची परीक्षा डॉक्टर करतो. त्या घरांत आणखी किती हात आहेत, आणि ते केवढे आहेत, हें दाखल्यावर कोणी लिहीत नाहीं.

"लहान पोरांची मला भीति वाटते ती निराळी," डॉक्टर म्हणाले, "पण जास्त भीति दहावी-बारावीच्या मुलांची." या वयांत निराशेची लाट येते ती घटकाभराची असते. त्या घटकेला हाताशीं काय सांपडतें, यावर सगळें अवलंबून. आपल्या खेड्यांत तें बहुधा फवारणीचें औषध असतें. श्रीलंकेंत अत्यंत विषारी कीटकनाशकें टप्प्याटप्प्यानें बंद केलीं, तेव्हां वीस वर्षांत आत्महत्यांचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. लोक सुखी झाले म्हणून नव्हे, तर बाटली हाताशीं राहिली नाहीं म्हणून. इस्रायलच्या सैन्यानें २००६ सालीं तरुण शिपायांना सुटीवर घरीं जातांना बंदुका छावणींत ठेवावयास लावल्या. आत्महत्या सुमारें चाळीस टक्क्यांनीं घटल्या. विष पिणाऱ्याला दवाखान्यांत आणावयास थोडा तरी वेळ मिळतो. बंदूक तेवढाहि देत नाहीं.

"मग सांगतां काय?" आम्हीं विचारलें.

"फार नाहीं. बंदूक रिकामी करून पोलादी कपाटांत कुलपांत ठेवा. काडतुसें दुसऱ्या कुलपांत. किल्ली मुलांना ठाऊक नको. आणि घरांत कोणी बरेच दिवस गप्प गप्प असेल, तर तेवढे दिवस ती घरांत नकोच."

परततांना नातू सूनबाईंच्या खांद्यावर झोंपला होता. नातवाच्या दुधांत साखर किती यावरून आम्ही घरांत दहा वेळां बोलतों, आणि दोन रात्री ज्या बंदुकीखालीं तो खेळला तिच्याविषयीं एक शब्द बोललों नव्हतों. मुलाचें म्हणणें, दुसऱ्या दिवशीं निघावयाचें आहे, उगाच कडवटपणा कशाला? सूनबाई काहींच बोलल्या नाहींत. पण त्या रात्रीं त्यांनीं अंथरूण माजघरांतून उचलून ओसरीवर घातलें.

दसऱ्याच्या सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं विषय काढला. सरळ काढावयाचा धीर झाला नाहीं, डॉक्टरांवर ढकलला. "डॉक्टर विचारीत होते, दादासाहेब, बंदूक कुलपांत असते का म्हणून."

यजमानांचा हात बशीवर थांबला. "सत्त्याहत्तर वर्षं ती त्याच खुंटीवर आहे," ते म्हणाले. "आमची मुलं तिच्याखालीच वाढली. आमच्या घरात कोणी हात लावत नाही तिला." बोलणें आदराचें होतें, पण त्यानंतर बराच वेळ ते आम्हांशीं बोलले नाहींत. दहावीतला नातू दारांत उभा होता. तो आंत निघून गेला.

आणि मग मातोश्री उठल्या. त्या फारशा बोलत नसत. फडताळ उघडून त्यांनीं काडतुसांची पेटी काढली, आपल्या खोलींतल्या पत्र्याच्या पेटींत, नऊवारी लुगड्यांखालीं ठेवली, कुलूप लावलें आणि किल्ली कनवटीला खोंवली. "माझ्या सासऱ्यांनी रझाकारांसाठी आणली होती," त्या मुलाकडे न पाहतां म्हणाल्या, "आता कोण यायचंय?" यजमान कांहीं बोलले नाहींत. बंदूक खुंटीवरच राहिली.

दुपारीं आम्ही निघालों. देवीचा तांबूल प्रसाद पदरीं घातला गेला, सोनें लुटून झालें, पुन्हां येण्याचीं आश्वासनें झालीं. यजमान वाड्याच्या दारापर्यंत आले, गाडीपर्यंत आले नाहींत. गाडीपर्यंत आली ती त्यांची सून. सामान चढवितांना ती आमच्या मंडळींजवळ हळूच म्हणाली, "काकू, तीन वर्षं झाली मी ह्यांना म्हणायलेय. थोरला हल्ली कोणाशी धड बोलत नाही. त्या डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडा असतो हो?"

मंडळींनीं वेळ सांगितली. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा दूरध्वनि होता, तो तिनें आपल्या फोनमध्यें लिहून घेतला. परळीची गाडी गांठावयाची होती, म्हणून चालकानें घाई केली, आणि आम्ही बालाघाट उतरूं लागलों.