रविवार आपल्याला कुणी दिला?

आम्ही चौघे हिंगोली जिल्ह्यातले. पुण्यात एका खोलीत राहतो आणि एकमेकांना तालुक्यावरूनच हाक मारतो. सेनगाव आयटी कंपनीत आहे, कळमनुरी एका खासगी ऑफिसात, औंढा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि वसमत एका सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षक आहे. पुणे काही परदेश नाही. पण खोली शोधताना भाड्याआधी आडनाव विचारलं जातं, 'जायलो, यायलो' म्हटलं की समोरचा हसतो, तेव्हा आपण परमुलखात आहोत हे कळतं. म्हणून सुट्टी आली की आम्ही आपसात राहतो, आपल्या बोलीत बोलतो.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. पाऊस उघडला होता, ऊन तापू लागलं होतं. शनिवारी संध्याकाळी गावाकडून ट्रॅव्हल्सने येसर आला. त्याची आमटी केली. भाकरी औंढ्याने थापल्या, त्यातल्या दोन करपल्या, तरी संपल्या. रविवारी आरामात उठलो आणि शिवाजीनगरहून लोकल धरून देहूरोडला गेलो. वसमत रात्रपाळी करून थेट स्टेशनवर आला आणि खडकी यायच्या आत बसल्या जागी झोपला.

देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी झाली. आम्ही वंदना घेतली आणि सावलीत बसलो. कुठे जायची घाई नव्हती.

तेवढ्यात सेनगावच्या आईचा फोन आला.

"काय करायलास बाबू?"

"काही नाही माय, रूमवरच हाय. अभ्यास करायलो."

फोन ठेवल्यावर आम्ही हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "ती सकाळपासून गुत्त्यावर सोयाबीन काढायली. मी झाडाखाली बसलोय हे तिला कसं सांगू?"

मग आम्हीही गप्प झालो, कारण हे खोटं आम्ही सगळेच बोलतो. आपल्या पोरांना आरामाची लाज वाटते. आई-बाप राबतात आणि आपण नुसते बसलो म्हणजे गुन्हा केला, असं मनात बसलेलं असतं. ही लाज मायेपोटी येते हे खरं. पण तिच्यामागे एक जुनी शिकवणही आहे : राबणं एकाचं, बसणं दुसऱ्याचं. गावगाड्यात वेसकराला सुट्टी कुठे होती? रात्री-अपरात्री हाक आली की जायचं. फुरसत ही वरच्यांची मिरासदारी होती. पोथ्या, मैफिली, विद्वत्ता त्या फुरसतीतूनच उभ्या राहिल्या आणि मग आम्हालाच विचारलं गेलं, तुमची संस्कृती कुठे आहे?

बाबासाहेबांनी याचं उत्तर दिलं आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, या १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना ते फुरसतीचा प्रश्न उभा करतात. माणसाला पोटापलीकडचं जगायचं असेल, सुसंस्कृत व्हायचं असेल तर मोकळा वेळ हवाच. यंत्र तो देऊ शकतं, म्हणून यंत्राला नावं ठेवू नका, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ते नुसतं लिहून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगारांना भरपगारी रजा देणारी कायदादुरुस्ती १९४५ ची आणि आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची. त्याही आधी जोतीरावांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढा दिला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली.

म्हणजे आपला रविवार इंग्रजांनी दिलेला नाही आणि कंपनीची मेहेरबानीही नाही. तो आपल्याच माणसांनी झगडून मिळवला आहे.

आम्ही हे सगळं तावातावाने बोलत होतो. वसमत जागा झाला होता. तो म्हणाला, "तुमचा रविवार हाय. माझा कुठाय? दीड महिना झाला, एक सुट्टी नाही. बारा तास ड्युटी. सुट्टी घेतली की पगार कापतात."

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. एकाच खोलीत, एकाच ताटात जेवणाऱ्या चौघांत एकाला रविवार नाही, हे आम्हाला दीड महिन्यात दिसलं नव्हतं. आपण आयटीत गेलो, ऑफिसात गेलो आणि हक्क मिळाले असं समजून बसलो. सेनगावच्या मायला नाही, गेटवरच्या वसमतला नाही, दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याच भावकीला नाही, तर तो हक्क अजून अर्धाच आहे.

परतीच्या लोकलमध्ये औंढ्याने वहीतलं पान फाडून आठवड्याच्या भरपगारी सुट्टीसाठी अर्ज लिहिला. वसमतसोबतच्या आणखी तीन रक्षकांच्या सह्या घ्यायचं ठरलं. सेनगावने रात्री आईला फोन केला आणि खरं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस. जरा बसत जा."

मित्रांनो, आरामाची लाज सोडा. पण आपल्या खोलीत, आपल्या गल्लीत रविवार कुणाला नाही, हे आधी विचारा.

जयभीम.