‘अभिजात’ कोण ठरवतं?

‘क्लासिक’ला मराठीत आपण ‘अभिजात’ म्हणतो. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. गाणं कसं आहे ते ऐकण्याआधी ते कुणाच्या घरी जन्मलं ते विचारायची सोय शब्दातच करून ठेवली आहे. म्हणून जगातल्या ‘क्लासिक’ अल्बमांची यादी समोर आली की आम्ही आधी यादी करणाऱ्यांकडे बघतो, मग यादीकडे.

अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची ५०० सर्वश्रेष्ठ अल्बमांची यादी घ्या. २००३ साली पहिल्या क्रमांकावर बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ होता आणि मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सहावा. २०२० साली नव्यानं मतदान झालं. मार्विन गे पहिले आले, ‘सार्जंट पेपर्स’ चोविसावा गेला. सतरा वर्षांत दोन्ही अल्बमांतला एक सूरही बदलला नव्हता, मत देणारे बदलले होते. आरक्षणाचा विषय निघाला की आपल्याला ‘गुणवत्ते’ची शिकवणी देणाऱ्यांनी या आकड्यांपाशी दोन मिनिटं थांबावं.

तर आमची मतं, स्पष्टच सांगतो. ‘सार्जंट पेपर्स’ हुशार आहे, रंगीबेरंगी आहे, पण तिसऱ्यांदा ऐकल्यावर शेवटचं ‘अ डे इन द लाइफ’ सोडलं तर गाण्यांपेक्षा मुखपृष्ठच जास्त आठवतं. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) मात्र खरोखर मोठा. मार्विन यांचा भाऊ व्हिएतनाममधून परतलेला, शहरात पोलिसांच्या लाठ्या, बेकारी, नशा. हे सगळं तो माणूस आवाज न चढवता गातो. कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांना शीर्षकगीत बाजारात आणायचंच नव्हतं. तेही कृष्णवर्णीयच होते. आपल्यातला धंदेवाईक माणूसही आपल्याला गप्प बसवू शकतो, हे यातून शिकण्यासारखं आहे.

माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) बाजारात आला त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये, ते ज्या क्लबात वाजवत होते त्याच्याच दारात, पोलिसांनी त्यांचं डोकं फोडलं. बाहेरच्या फलकावर त्यांचंच नाव होतं. हे माहीत झाल्यापासून त्या अल्बमला ‘शांत, निवांत संगीत’ म्हणणं आम्हाला जमत नाही.

आता वादाचा अल्बम. जॉन कोल्ट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतल्या एका स्टुडिओत एकाच बैठकीत चौघांनी वाजवलेला. तो ईश्वराला अर्पण आहे. शेवटच्या भागात कोल्ट्रेन यांनी स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर अक्षर-अक्षर वाजवली आहे, तोंडानं एकही शब्द न उच्चारता. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका साथीनं विचारलं, “बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी हे देवाचं भजन का ऐकायचं?” प्रश्न रास्त आहे. आम्ही तो उडवून लावला नाही. पण कोल्ट्रेन १९५७ पर्यंत हेरॉइन आणि दारूत बुडालेले होते, आणि त्याच वर्षी ते त्यातून बाहेर पडले. वस्तीत व्यसनमुक्तीचं काम करताना आम्ही रोज बघतो, की पाचवं शील तोंडानं म्हणणं सोपं आणि संध्याकाळी सात वाजता पाळणं किती कठीण. कोल्ट्रेन श्रेय ईश्वराला देतात. आम्ही त्यात सात वर्षांची रोजची घासाघीस ऐकतो. श्रेयाबद्दल आमचा मतभेद आहे, अल्बमबद्दल नाही. तो साथी अजून सहमत नाही.

श्रेयावरून आठवलं. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) कोट्यवधी खपला. त्यातला सगळ्यात अंगावर येणारा भाग कुठला? एक बाई शब्दांशिवाय आक्रोश करते, तो. क्लेअर टॉरी त्यांचं नाव. एका संध्याकाळच्या कामाचे त्यांना तीस पौंड मिळाले. गीताच्या रचनेत वाटा मिळावा म्हणून त्यांना २००४ साली कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी तडजोड होऊन त्यांचं नाव लागलं. तीस वर्षांनी! बाकी अल्बम आम्हाला जरा गुळगुळीत वाटतो. पैशाच्या मोहावर टीका करणारं गाणं त्यात आहे, हा विनोद वेगळाच.

आपल्याकडचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) संतूर, बासरी आणि गिटारवर काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस रंगवतो. सुंदरच आहे. पण या मेंढपाळाच्या पायात दिवसभरात एकदाही काटा मोडत नाही. आणि शर्मा, चौरसिया, काब्रा ही तीन नावं सांगणाऱ्यांपैकी किती जण सांगतील, की तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत?

आमच्या पोरांचा जीव मात्र रॅपमध्ये. ते साहजिकही आहे. १९७२ साली दलित पँथरनं नावच ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं, नातं जुनं आहे. पब्लिक एनिमीचा १९८८ चा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ लावला की खोली हलते. पण त्यातलं एक गाणं टीव्हीवरच्या मालिका बघणाऱ्या बाईची टर उडवतं. ते वर्गातल्या मुलींनीच पकडलं. एकीनं विचारलं, “दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आई मालिका बघते, तर ह्यांचं काय जातं?” एक मुलगा म्हणाला, आपल्याच माणसांवर टीका केली की विरोधकांच्या हाती कोलीत मिळतं. आम्हाला हे मान्य नाही. याच गटातल्या प्रोफेसर ग्रिफनं १९८९ साली ज्यूंविषयी विखारी विधानं केली, तीही झाकायचं कारण नाही. चिकित्सा शेजाऱ्यापुरती ठेवायची असेल तर ती चिकित्सा कसली?

मग ती भीमगीतांनाही लावावी लागेल. आमच्या घरच्या जुन्या कॅसेटांवर गायकाचं नाव ठळक आहे, गीतकाराचं बारीक, आणि ढोलकीवाल्याचं, कोरसमधल्या बायांचं नावच नाही. वामनदादा कर्डकांनी निदान शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफून ठेवला, त्यामुळे तो कुणाला काढता येत नाही. ढोलकीवाल्यानं काय गुंफावं?

वर्गातल्या मुलींनी एक वही घातली आहे. घरोघरच्या कॅसेटा गोळा करायच्या, म्हाताऱ्यांना ऐकवायच्या आणि कोण वाजवतंय, मागे कोण गातंय ते विचारायचं. आतापर्यंत अकरा नावं लागली आहेत. त्यातला एक ढोलकीवाला दोन गल्ल्या सोडून राहतो आणि अजून लग्नात वाजवतो.