ट्रॅक लावून 'अलबेला' होत नसतो

पांढुर्णा

चि. बाळ,

कोजागिरीच्या कार्यक्रमाला सौसरात 'अलबेला'तली कोणती चार गाणी घ्यावीत, एवढंच तू यादी करून विचारलंस. पण पुढे लिहिलंस, "विनोदी सिनेमाची गाणी, त्यांना रिहर्सल कशाला? ट्रॅक लावला की झालं." हे वाचून तुझ्या मामाला राहवलं नाही. आपल्या आबांच्या बाजाच्या पेटीपाशी वाढलेल्या पोरानं असं लिहावं?

आधी माणसं ओळख. भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. नाव झालं मुंबईत, पण जन्म १९१३चा, अमरावतीचा. वरुडावरून पुढे गेलं की त्याचंच गाव! सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, पुणतांब्याचे. पण त्यांनी गाण्याचे धडे नागपुरातही गिरवले, शंकरराव सप्रे यांच्याकडे. आपले तालुके मध्य प्रदेशात राहिले म्हणून ही माणसं परकी होत नाहीत. तुझ्या निवेदकाला हे दोन वाक्यांत सांगायला लाव. सौसरातल्या पोरांना कोणी सांगतच नाही.

'अलबेला' आला १९५१ साली. नाटकाचं वेड घेतलेला गरीब प्यारेलाल, रंगभूमीवरची नटी आशा, म्हणजे गीता बाली, आणि घरी पाठवलेला पैसा मधल्या मध्ये हडपणारा नातेवाईक. गोष्ट एवढीच. दिग्दर्शक आणि नायक भगवानदादाच. ना राजबिंडा चेहरा, ना उंची. त्याचा नाच बघ: कोपरात दुमडलेले सैल हात, हलके खांदे आणि जमीन न सोडणारी छोटी पावलं. पिटातल्या कोणालाही वाटावं, हे आपल्यालाही जमेल. पुढे अमिताभ बच्चननं तीच पावलं उचलली.

पण ती पावलं हलतात कशावर? 'शोला जो भडके' डोळे मिटून ऐक. बोंगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन. एकेक वाद्य विचारपूर्वक येतं आणि गाणाऱ्याला जागा करून देतं. सी. रामचंद्रांच्या हाताशी गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट होता. तो आपल्या बँडसह याच सिनेमात पडद्यावरही दिसतो. भगवानदादांसाठी गायले खुद्द संगीतकार, 'चितळकर' या नावानं, आणि सोबत लताबाई. याच सिनेमात पिलू रागाची छाया असलेली लोरी आहे. हसवणाऱ्या सिनेमात ती ठेवायची हिंमत लागते. तू यादीतून नेमकी तीच गाळलीस!

हे सगळं एका वर्षात जमलं नव्हतं, बाळ. भगवानदादा आणि सी. रामचंद्र ही जोडी १९४२च्या 'सुखी जीवन'पासूनची. नऊ वर्षं एकमेकांना ओळखणारी माणसं जेव्हा वाजवतात, गातात, नाचतात, तेव्हा गाणं असं सहज वाटतं. रडवणाऱ्या गाण्यात एखादी चूक खपून जाते. हसऱ्या गाण्यात ठेका केसभर सरकला तरी सगळा डोलारा कोसळतो. ट्रॅकला काय कळणार, समोरची बाई हसली की मुकाट बसली?

आता खरी गोष्ट. नव्या स्पीकरसाठी संत्र्याची बाग गहाण टाकणार, असं तू शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंस. गोटमारीच्या मेळ्याला आला होतास तेव्हा एक शब्द बोलला नाहीस! अरे, 'अलबेला'नं भगवानदादांना बंगला दिला, मोटारी दिल्या. मग त्याच जोडीचा १९५३चा 'झमेला' आला, त्याला ते यश मिळालं नाही. 'हंसते रहना' अर्धवटच राहिला. बंगला गेला, मोटारी गेल्या. दादरच्या चाळीत राहून हा माणूस इतरांच्या सिनेमात मिनिटभराच्या भूमिका करत राहिला आणि २००२ साली तिथूनच गेला. ज्याला एवढं यश मिळालं त्याची ही गत. तुझ्या हाताशी तर अजून संत्र्याचा एक आंबिया बहारही नाही, आणि तुझ्या आईच्या औषधाचं कोण बघणार?

स्पीकर भाड्यानं आण. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारी माणसं सौसरात आहेत. त्यातला एक जण आणि तुझा ढोलकीवाला घेऊन येत्या रविवारी इकडे ये. 'शोला जो भडके', 'भोली सूरत', 'शाम ढले' आणि ती लोरी, ही चार गाणी बसवू. कागदावर सही मात्र करू नकोस. बाग गहाण टाकू नकोस.

तुझा,
मामा