तुरीची मर आणि ‘गेट ओव्हर’

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद भागातले मराठी घरातले मूल इंग्रजीच्या तासाला बसते, तेव्हा ते रिकाम्या हाताने आलेले नसते. घरी मराठी, शाळेत नि कचेरीत कन्नड, बाजारात दख्खनी, असा त्याचा दिवस जातो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात गेले आणि बीदर-गुलबर्गा म्हैसूरकडे आले. बोलणे मात्र कुणी वाटून घेतले नाही. अशा मुलाला संकटाशी झुंजण्याची इंग्रजी जोडक्रियापदे, म्हणजे ‘पुट अप विथ’, ‘फेस अप टू’, ‘गेट ओव्हर’, अवघड जातात असे आपण धरून चालतो आणि अर्थांची यादी पाठ करायला देतो. मला हे मुळातच चुकीचे वाटते. या क्रियापदांची रीत त्याला आधीच ठाऊक आहे, तीही तीन भाषांतून.

मराठीत आपण नुसते ‘सोसतो’ म्हणत नाही, ‘सोसून घेतो’ म्हणतो. ‘घेणे’ इथे हातात काही घेत नाही. सोसण्याचा भार स्वतःकडे वळवते. कन्नडमध्ये हेच ‘सहिसिको’ होते आणि त्यातला ‘को’ ज्या ‘कोळ्ळु’पासून आला, त्याचाही अर्थ ‘घेणे’च. दख्खनीतले ‘सह लेना’ त्याच वळणाचे. ‘करून टाक’ला कन्नडमध्ये ‘माडिबिडु’ आहे, तिथे ‘बिडु’ म्हणजे ‘सोडणे’. छोटा शब्द मोठ्या शब्दाला चिकटतो, आपला मूळ अर्थ मागे ठेवतो आणि क्रियेला दिशा देतो, ही गोष्ट या मुलाला व्याकरण न शिकता कळते. इंग्रजीत तेच काम ‘अप’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ करतात.

यावर जाणकार म्हणतील, तुलना लंगडी आहे. ‘सोसून घेणे’त मुख्य अर्थ ‘सोसणे’त शाबूत राहतो, ‘पुट अप विथ’मध्ये ‘ठेवणे’ही नाही आणि ‘वर’ही नाही. हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. ‘हात टेकणे’, ‘हाय खाणे’, ‘कंबर कसणे’ यांतही शब्दांच्या बेरजेने अर्थ निघत नाही. तो प्रसंगातून निघतो. म्हणून यादी सोडून प्रसंग द्यावा, आणि तो इथल्याच मातीतला द्यावा.

कलबुर्गीच्या, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याच्या, तुरीचे घ्या. या डाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिचा जुना वैरी म्हणजे मर रोग. फुले-शेंगा धरायच्या वेळी हिरवी झाडे उभी वाळू लागतात. पाणी कमी पडले असेल, अशी शेतकरी स्वतःची समजूत घालतो. मग एक दिवस बुंधा चिरतो, आत काळपट रेघा दिसतात आणि त्याला मर आल्याचे कबूल करावे लागते. हे ‘फेस अप टू’. आपण त्याला घाईने ‘तोंड देणे’ म्हणतो, पण त्यात नजरेआड केलेले मान्य करणेही आहे. निव्वळ तोंड देण्याला नुसते ‘फेस’ पुरते. पुढच्या वर्षी तो रोगाला दाद न देणारे वाण पेरतो, मध्ये ज्वारीच्या ओळी घेतो. हे ‘डील विथ’. दुधाच्या पैशांवर घर कसेबसे भागवतो, ते ‘गेट बाय’. सावकाराचे रोजचे बोलणे ऐकून घेतो, ते ‘पुट अप विथ’. त्याच्या दडपणाखाली बैलजोडी विकली तर ‘गिव्ह इन’. तुरीचाच नाद कायमचा सोडला तर ‘गिव्ह अप’. पहिल्यात समोर दाबणारा कुणीतरी असतो, दुसऱ्यात तो असावाच लागत नाही. वर्ष पार पडले की ‘गेट थ्रू’, आणि मन सावरले की ‘गेट ओव्हर’. वर्ष पार पडूनही मन सावरलेले नसते, हा फरक ‘मात करणे’ एवढाच अर्थ पाठ करणाऱ्याला कधी कळणार? त्यातून ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे ‘एकदाचे उरकून टाकणे’. दिसायला सख्खा भाऊ, पण सावरण्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरा आक्षेप असा की परीक्षेत आणि अर्जात ‘टॉलरेट’, ‘कन्फ्रंट’ असे एकेरी शब्द चालतात, मग हा खटाटोप कशाला? लेखी इंग्रजीपुरते ते चालतील. पण मुलाखतीत, फोनवर, दवाखान्यात समोरचा माणूस जोडक्रियापदेच बोलतो. ती कळली नाहीत तर बाकीचे व्याकरण शुद्ध असून उपयोग होत नाही. शिवाय ‘कन्फ्रंट’मध्ये समोरासमोर भिडण्याचा आवेश आहे, ‘फेस अप टू’मधली कबुली त्यात नाही.

इंग्रजीत पुढचे नियम वेगळे आहेत, ते शिकवावेच लागतील. ‘पुट इट ऑफ’मध्ये सर्वनाम मध्ये बसते, ‘पुट अप विथ इट’मध्ये शेवटी. त्याला मराठीचा किंवा कन्नडचा आधार नाही. तिथे सरावच लागतो. पण तो सराव ओळखीच्या जागेवरून सुरू व्हायला हवा. सीमाभागातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे: उद्या फळ्यावर ‘सोसून घे’, ‘सहिसिको’ आणि ‘पुट अप विथ’ एका ओळीत लिहा, आणि काय सोसायचे ते मुलांनाच सांगू द्या.