चवड्याचं माप

मोटरसायकलवर घालायचा बूट निवडताना चामडं कसलं, सोल कसला, घोट्यावर कवच आहे का, हे सगळं मागाहून पाहावं. आधी चवड्याची रुंदी पाहावी, असं माझं ठाम मत आहे. ज्याचं पाऊल रुंद आहे त्याच्या बाबतीत तर संरक्षणाची सुरुवातच तिथून होते. आपल्याकडे दुकानदार ‘नंबर किती?’ एवढंच विचारतो आणि नंबर म्हणजे नुसती लांबी. सात म्हटलं की सात. पाऊल पुढे किती पसरलंय, करंगळीच्या बाजूला किती भरलंय, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. मग बूट चावला की दोष पायाला दिला जातो. ‘आमचे पायच बेढब’ असं माणसं सहज म्हणून जातात. पाय बेढब नसतात. तो बूट कुणा दुसऱ्याच्या पायाच्या साच्यावर शिवलेला असतो.

दादरा-नगर हवेलीत सुरंगीसारख्या गावांच्या बाजूला हा प्रश्न जितका उघडा पडतो तितका मोठ्या शहरात पडत नाही. २०११च्या जनगणनेत या प्रदेशातली ५२ टक्के वस्ती आदिवासी होती : वारली, कोकणा, धोडिया आणि इतर. एकदोन पिढ्यांपूर्वीपर्यंत इथल्या माणसाचा दिवस भातखाचरात, उतारावरच्या नागलीत आणि जंगलवाटेवर जायचा आणि तोही बहुतेक अनवाणी. आवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहायचं तर बोटं फाकवून, अंगठा रोवूनच उभं राहावं लागतं. पाऊल लहानपणापासून असं मोकळं वाढलं की ते टाचेकडे बेताचं आणि चवड्याकडे ऐसपैस होतं. पुढे करसवलतींच्या आधाराने सिल्वासाभोवती कारखाने उभे राहिले. मसाट, पिपरिया, राखोली ही नावं सुताच्या आणि प्लास्टिकच्या कामासाठी ओळखली जाऊ लागली. पाड्यावरचा मुलगा पाळीवर जाऊ लागला, हप्त्यावर मोटरसायकल आली. पाळी सुटते त्या वेळी खेड्यांकडे निघालेल्या गाड्यांच्या फूटरेस्टकडे नजर टाकावी. रबरी चपला, सँडल, पावसाळ्यात गमबूट, मधूनच कारखान्याचा सेफ्टी शू, आणि त्याचीही टाच चेपून चपलेसारखा घातलेला. ही टाच चेपलेली दिसते तेव्हा लोक त्याला बेफिकिरी म्हणतात. मला त्यात जागा शोधणारं पाऊल दिसतं.

अनवाणी वाढलेलं पाऊल रुंद असतं याला नुसत्या निरीक्षणापलीकडचा आधार आहे. १९५८ साली हाँगकाँगच्या लॅम आणि हॉजसन या डॉक्टरांनी बूट वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या चिनी माणसांची पावलं ताडून पाहिली, तेव्हा अनवाणी माणसांचे चवडे पसरलेले आणि बोटं मोकळी आढळली. बूटवाल्यांत अंगठा आत वळण्याचं दुखणं कितीतरी जास्त होतं. २००९ साली बेल्जियमच्या डाऊट आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांची पावलं मोजली. ती पाश्चात्त्य पावलांपेक्षा रुंद निघालीच, शिवाय चालताना त्यांच्या तळव्यावर दाब अधिक सारखा विभागला जातो, एकाच जागी साचत नाही, असंही दिसलं. म्हणजे रुंद चवडा हा चांगला चालणारा, वजन नीट वाटून घेणारा अवयव आहे. आणि ही गोष्ट फक्त पाड्यांपुरतीही नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं त्रिमितीय यंत्रावर मोजली. निष्कर्ष असा, की भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेच्या पावलापेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहे. आपण वापरतो ते नंबर इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले आहेत. आणि रुंद बूट मिळत नाही म्हणून माणसं लांब बूट घालून वेळ मारून नेतात. याच पाहणीतून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं आपण पायांना दोष देत आलो आणि चूक फूटपट्टीची होती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त वाटावा असाच आहे : रुंद हवा असेल तर एक नंबर मोठा घ्यावा, त्यात काय अडचण? अडचण मापातच आहे. इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटर लांबी. त्याबरोबर चवड्याची रुंदी वाढते ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. दोन नंबर चढलं तर चवडा कसाबसा मावतो, पण पुढे बोटभर रिकामी जागा राहते. चालताना हे खपून जातं. मोटरसायकलवर खपत नाही. लांबलेलं टोक गिअरच्या लिव्हरखाली अडकतं. बूट जिथे वाकायला हवा ती जागा बोटांच्या पेरांपाशी सरकते. टाच आत वर-खाली होते, घोट्यावरचं कवच घोट्याऐवजी त्याच्या खाली किंवा पुढे जाऊन बसतं. सगळ्यात वाईट म्हणजे पडल्यावर घसरत जाताना सैल बूट पायातून निघून जाऊ शकतो, आणि निघून गेलेला बूट कितीही मजबूत असला तरी त्याचा उपयोग शून्य.

दुसरा आक्षेप जुन्या माणसांचा : चामडं आहे, सैल होईल. चपलेच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. कोल्हापुरी चप्पल पायात घालून घालून पायाची होते, कारण तिथे चामड्याच्या पट्ट्याला पसरायला वाव असतो. मोटरसायकलच्या बुटाला तो वाव मुद्दाम ठेवलेला नसतो. त्याच्या बोटांच्या जागी कडक साचा असतो, टाचेला कवच असतं, बऱ्याच बुटांत कृत्रिम चामडं आणि आत पाणी अडवणारा पडदा असतो. ही सगळी सामग्री न पसरण्यासाठीच घेतलेली असते. युरोपात मोटरसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे मानक आहे. त्यात बुटाची उंची, घासलं जाण्याला टिकाव, कापलं जाण्याला टिकाव आणि आडवा दाब सोसण्याची ताकद, अशा चार कसोट्या लागतात. प्रत्येकीला एक किंवा दोन असा अंक मिळतो आणि तो जिभेवर किंवा आतल्या पट्टीवर छापलेला असतो. यातली चौथी कसोटी मला सगळ्यात मोलाची वाटते. आडवी पडलेली गाडी, अगदी शंभर-सव्वाशे सीसीची असली तरी शंभर किलोच्या वर भरते, आणि पाऊल तिच्या आणि डांबराच्या मधे सापडतं. त्या वेळी सोल आडवा चेपला जाऊ नये, म्हणून तो ताठ ठेवलेला असतो. पण बाहेरचा दाब जो आत येऊ देत नाही तो बूट आतल्या पावलालाही बाहेर पसरू देत नाही. म्हणूनच बूट जितका चांगला तितकं रुंदीचं माप चुकवून चालत नाही. दुकानात जो चवड्याला आवळतो तो वर्षभरानेही आवळतच राहणार.

आवळलेला बूट नुसता दुखतो असंही नाही. तो पाय बधिर करतो. पाऊणएक तास गाडी चालवली की करंगळीकडची बाजू मुंग्या येऊन जड होते, आणि उजवा पाय तर मागच्या ब्रेकवर असतो. पेडल किती दाबलं गेलंय याचा अंदाज तळव्याला येतो तो चवड्यातूनच. बधिर चवड्याने ब्रेक उशिरा लागतो किंवा जास्त लागतो, आणि पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर या दोन्हींचा परिणाम एकच. मधुमेही माणसाला तर संवेदना आधीच कमी असते; बुटाने उठवलेला फोड त्याला घरी येऊन मोजा काढल्यावर दिसतो.

आणि शेवटी जो बूट चावतो तो घरी राहतो. माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ इथे आहे. २००० सालच्या आसपास युरोपातल्या पाच देशांत ९२१ अपघातांचा बारकाईने अभ्यास झाला, त्यात नोंदलेल्या इजांपैकी जवळपास तिसरा हिस्सा कमरेखालच्या भागाला होता. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांची माहिती २०११ साली मांडली. कवच असलेल्या बुटांनी पावलांच्या आणि घोट्यांच्या इजांचा धोका ४५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. पण मोटरसायकलसाठी न बनवलेल्या, साध्या पण उंच बुटांनीही साध्या शूज-जॉगर्सच्या तुलनेत तो ५३ टक्क्यांनी कमी झाला होता. यावरून साधा बूट कवचाच्या बुटापेक्षा सरस, असं कुणी म्हणू नये. आकडे एवढ्या थोड्या माणसांचे आहेत की आठ टक्क्यांच्या फरकाला अर्थ नाही. अर्थ एवढाच, की घोटा झाकणारं, पायात घट्ट राहणारं काहीतरी रोज पायात असणं ही अर्ध्याहून अधिक लढाई आहे. रोज असायचं तर ते रोज घालता आलं पाहिजे.

पैशाचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. चांगला रायडिंग बूट हजारांत जातो, आणि रोजंदारीवर सूत गुंडाळणाऱ्या माणसाला तो घ्या म्हणणं म्हणजे त्याची थट्टा. त्याच्यापाशी आधीच असलेल्या वस्तूकडे पाहावं, ती म्हणजे कारखान्याचा सेफ्टी शू. आयएस १५२९८ या भारतीय मानकाप्रमाणे त्याच्या टोकातली टोपी २०० जूलचा आघात सोसते. वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तर जेवढा बसेल तेवढा. दीड टनाचा दाबही ती झेलते. पोलादी टोपी वाकून बोटंच कापते ही भीती सर्रास ऐकू येते. जेवढ्या वजनाने ती टोपी वाकेल तेवढ्या वजनाखाली उघडी बोटं मुळीच वाचणार नाहीत, एवढं लक्षात घेतलं तर ती भीती उरत नाही. या बुटात उणीव आहे ती दोन ठिकाणी. आखूड गळ्याच्या नमुन्यात घोटा उघडा राहतो, म्हणून घोट्याच्या वर येणारा नमुना मागावा. आणि टोपी पोलादाची असल्याने ती केसभरही पसरत नाही. अरुंद टोपी करंगळीच्या मुळाशी कडेनं कापत राहते. टाच चेपून शू घालायची पाळी येते ती बहुधा यामुळेच. पावसाळ्यातला गमबूट मात्र गाडीवर नको. तो पावलाला धरून राहत नाही, आडवा सहज चेपतो, तापलेल्या सायलेन्सरला चिकटतो. पाऊस इथे चार महिने दणकून पडतो हे खरं. त्यावर लेस आणि पट्टा असलेला बूट आणि वरून चढवायचं पावसाळी कव्हर हा उपाय बरा.

निवडीची रीत सोपी आहे. माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभर उभं राहिल्यावर पाऊल फुगलेलं असतं आणि पाळीवरून परतताना जे पाऊल गाडीवर असतं ते हेच. कागदावर उभं राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून, दुसऱ्याकडून पेन्सिलीने कड काढून घ्यावी. स्वतः वाकून काढली की वजन सरकतं आणि माप चुकतं. अंगठ्याच्या मुळाचं हाड ते करंगळीच्या मुळाचं हाड, ही सगळ्यात रुंद रेघ मिलिमीटरमध्ये मोजावी, दोन्ही पायांची, आणि मोठा पाय धरावा. दुकानात बुटाचा आतला तळवा बाहेर काढून त्यावर उभं राहावं. मांस कडेबाहेर ओघळलं तर तो बूट आपला नाही, कितीही देखणा असो. अमेरिकन मापात डी म्हणजे पुरुषांची सर्वसाधारण रुंदी, टू-ई म्हणजे रुंद आणि फोर-ई म्हणजे फार रुंद. ही अक्षरं डब्यावर असली तर दुकानदाराकडून अर्थासकट विचारून घ्यावीत. नुसत्या चेनच्या बुटापेक्षा लेसचा बूट रुंद पावलाला मानवतो, कारण चवड्यावरची पहिली जोडी छिद्रं वगळून लेस ओवता येते. फक्त लेसची टोकं आत खोचावीत, नाहीतर गिअरमध्ये अडकतात. मग बूट घालून स्वतःच्या गाडीवर बसावं. बुटाचं टोक लिव्हरखाली जात नसेल तर बूट परत करायची घाई नको. गिअरची लिव्हर दात्यांच्या दांड्यावर बसवलेली असते; मेकॅनिक एक बोल्ट ढिला करून ती एक दाता वर घेतो, पाच मिनिटांचं काम. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना टाचेनं दाबायचीही लिव्हर असते, त्यामुळे जाड टोकाच्या बुटाची अडचण आणखी कमी होते. आणि तयार मालात काहीच बसत नसेल, तर मुंबईत चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीसारख्या ठिकाणी पायाच्या मापावर बूट शिवणारे कारागीर आजही आहेत; तो कागद घेऊन त्यांच्याकडे जावं.

कायदा मोटरसायकलस्वाराला हेल्मेट घालायला लावतो, बूट घालायला लावत नाही, आणि नजीकच्या काळात लावेल असंही दिसत नाही. म्हणून पायाला बसणारा बूट देणं ज्यांच्या हातात आहे त्यांनाच सांगणं. सिल्वासाच्या कारखान्यांतल्या खरेदी विभागांनो, कामगारांसाठी सेफ्टी शूजची पुढची यादी पाठवाल तेव्हा नंबराच्या रकान्याशेजारी चवड्याच्या रुंदीचा एक रकाना वाढवा, आणि तो भरायला कामगाराला कागदावर उभं करा.